कान वाजतात, हे खोटे नव्हे



कुणीतरी हाक मारली असे वाटून तुम्ही मागे वळता आणि मागे कुणीच नसते. शेजारचा हसून म्हणतो, "तुझे कान वाजले असतील!" आपल्या भाषेत 'कान वाजणे' याचा अर्थच मुळी नसलेले ऐकू येणे, भास होणे असा झाला आहे. बोलण्याच्या ओघात हा वाक्प्रचार निरुपद्रवी आहे. पण ज्याच्या कानात खरोखरच दिवसरात्र रातकिडे किरकिरल्यासारखा, कुकरची शिट्टी लांबल्यासारखा किंवा भुंगा घोंघावल्यासारखा आवाज येत असतो, त्यालाही पुष्कळदा हेच उत्तर मिळते. तेथे मात्र ते उत्तर चुकीचे ठरते.

या तक्रारीला कर्णनाद म्हणतात. डॉक्टर तिला टिनिटस म्हणतात. तक्रार जुनीच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाच्या रोगांची जी यादी आहे, तीत ती आलेली आहे. ती विरळाही नाही. जगभरातील अनेक पाहण्या एकत्र करून २०२२ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना, म्हणजे सात जणांत एकाला, कर्णनादाचा अनुभव असतो. मुलांनाही तो होतो; फक्त मुले ते सहसा सांगत नाहीत.

मला असे म्हणायचे आहे की, कर्णनाद ही शरीराला होणारी खरी संवेदना आहे. "बाहेर आवाज नाही, म्हणून तुला तो ऐकू येत नाही," हा तर्क शास्त्राला धरून नाही आणि निदान शाळेत तरी तो चालू देऊ नये.

आधी एक सोपा प्रयोग करा. दोन्ही अंगठ्यांनी कानांची भोके हलकेच बंद करा, कोपरे वर उचला आणि मुठी घट्ट आवळा. दूरवर एखादा ट्रक चालला असावा तशी घरघर ऐकू येईल. मुठी सैल सोडा, ती कमी होईल. हा तुमच्या स्नायूंचा आवाज. शेजारी बसलेल्या मित्राला तो ऐकू येत नाही. म्हणून तो खोटा म्हणायचा काय?

काहींच्या कानातला आवाज याच जातीचा असतो. कानाजवळच्या रक्तवाहिनीतून वाहणारे रक्त नाडीच्या ठोक्याबरोबर धप् धप् ऐकू येते. डॉक्टरांनी तेथे स्टेथोस्कोप लावला तर कधीकधी तो आवाज त्यांनाही ऐकता येतो. पण बहुतेकांचा कर्णनाद असा नसतो. त्यात शोधून काढावी अशी कोणतीही वस्तू कंप पावत नसते. मग आवाज येतो कुठून?

त्यासाठी आपण ऐकतो कसे ते थोडक्यात आठवा. हवेतील कंपने कानाच्या पडद्यावर आदळतात, तीन लहान हाडांच्या साखळीतून पुढे जातात आणि शंखासारख्या वळलेल्या, द्रवाने भरलेल्या नळीत पोचतात. तेथे केसपेशी असतात. त्यांतील सुमारे साडेतीन हजार आतल्या केसपेशी कंपनांचे विद्युत संदेशांत रूपांतर करतात आणि श्रवणतंतू ते संदेश मेंदूकडे नेतात. म्हणजे मेंदूपर्यंत 'आवाज' असा कधी जातच नाही. जातात ते संदेश. घंटा शाळेच्या ओसरीवर वाजत असली, तरी ती 'ऐकण्याचे' काम डोक्यात होते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. संपूर्ण शांततेतही श्रवणतंतू गप्प बसत नाहीत. ते अधूनमधून आपोआप संदेश पाठवतच असतात. एरवी मेंदू ही कुजबूज दुर्लक्षितो. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी श्रवणशक्ती चांगली असलेल्या ८० प्रौढांना एका ध्वनिरोधक खोलीत बसवून काय ऐकू येते ते सांगायला सांगितले. काही मिनिटांतच त्यांपैकी ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. कुणाला गुणगुण, कुणाला शिट्टी, कुणाला किरकिर. याचा अर्थ, कर्णनादाचे बीज तुमच्या-माझ्यातही आहे.

आता समजा, मोठ्या आवाजाने, वयाने किंवा औषधाने काही केसपेशी मेल्या. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. मेंदूकडे येणारे संदेश कमी होतात. रेडिओवर दूरचे केंद्र नीट लागत नसले की आपण काय करतो? आवाजाचे बटण फिरवून मोठे करतो. कार्यक्रम तर वाढतोच, पण त्याबरोबर खरखरही वाढते. मेंदूही कमी झालेल्या संदेशांची भरपाई करण्यासाठी असेच काहीसे करतो आणि आधी न जाणवणारी खरखर जाणवू लागते, असे आज अनेक संशोधक मानतात.

याला आणखी एक जोड आहे. अपघातात किंवा युद्धात पाय गमावलेल्या माणसाला, नसलेल्या पायाची बोटे दुखतात असे जाणवते. अमेरिकन डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ साली या अवस्थेला 'फँटम लिंब' म्हणजे आभासी अवयव असे नाव दिले. पाय नाही, पण वेदना आहे. १९९० साली पावेल यास्त्रेबोफ या शास्त्रज्ञाने कर्णनादाची तुलना याच्याशी केली. या मताला शस्त्रक्रियांतूनही पुष्टी मिळते. गाठ काढण्यासाठी ज्यांचा श्रवणतंतू कापावा लागला, अशा अनेक रुग्णांचा तो कान पूर्ण बहिरा झाला, पण कानातला आवाज राहिलाच.

"मग हा मेंदूचाच खेळ झाला, शरीराचा त्यात काय संबंध?" असे कुणी विचारील. पण मेंदू शरीराबाहेर थोडाच आहे? आणि पुरावा हवा असेल तर तोही आहे. कर्णनाद असलेल्या पुष्कळ जणांनी दाढा आवळल्या, जबडा पुढे काढला किंवा मान वळवली, तर त्यांचा आवाज वाढतो, कमी होतो किंवा त्याची पट्टी बदलते. याचे कारण शरीररचनेत आहे. श्रवणतंतू मेंदूच्या खालच्या भागात ज्या पहिल्या स्थानकावर पोचतात, तेथेच चेहरा, जबडा आणि मान यांकडून येणारे संदेशही येऊन मिळतात. नुसती कल्पनाच असती, तर ती दाढा आवळल्यावर का बदलावी?

दुसरा पुरावा औषधांचा. अॅस्पिरिन फार मोठ्या मात्रेत घेतले तर कान वाजू लागतात. औषध थांबवले की बहुधा थांबतात. हिवतापावरील क्विनाइननेही तेच होते. यावरून यास्त्रेबोफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चतुर प्रयोग केला. तो १९८८ साली प्रसिद्ध झाला. उंदरांच्या पिंजऱ्यात सतत एक आवाज चालू ठेवला. तो बंद पडून शांतता झाली की विजेचा सौम्य धक्का बसे, म्हणून शांतता होताच उंदीर पाणी पिणे थांबवू लागले. मग काही उंदरांना अॅस्पिरिनच्या जातीचे सॅलिसिलेट हे औषध दिले. बाहेरचा आवाज बंद झाला, तरी हे उंदीर इतरांपेक्षा अधिक पाणी पीत राहिले. त्यांच्यापुरती शांतता झालीच नव्हती! उंदराला शाळा बुडवायची नसते आणि कौतुकही करून घ्यायचे नसते. त्याच्या वागण्याला सोंग म्हणता येणार नाही.

तुमच्यापैकी चिकित्सक वाचकांचा एक आक्षेप रास्त आहे. शास्त्र मोजमापावर चालते. दुसऱ्याच्या डोक्यातला आवाज मोजणार कसा? तो काही प्रमाणात मोजता येतो. डॉक्टर रुग्णाला यंत्रावर वेगवेगळ्या वारंवारतेचे स्वर ऐकवतात आणि कोणता स्वर कानातल्या आवाजाशी जुळतो ते विचारतात. मग त्याची तीव्रताही तशीच जुळवतात. चेक संगीतकार बेड्रिख स्मेताना हे १८७४ साली बहिरे झाले. १८७६ साली लिहिलेल्या 'माझ्या जीवनातून' या तंतुवाद्यांच्या रचनेत शेवटच्या भागात त्यांनी व्हायोलिनवर एक फार उंच स्वर अचानक लांबवला आहे. त्यांच्या कानात जो स्वर वाजे, तो हा. एका माणसाने स्वतःचा कर्णनाद कागदावर नोंदवून ठेवला, असेच म्हणायला हवे.

या जुळवणीत एक नवल आढळते. कानातला आवाज बहुधा त्या माणसाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा थोडेच डेसिबेल मोठा निघतो. तरीही त्याने काहींची झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, जीव मेटाकुटीला येतो. कारण तो थांबत नाही आणि त्यापासून दूर जाता येत नाही. नळाचे ठिबकणे फार मोठे नसते, पण रात्रभर ठिबकणाऱ्या नळाने झोप लागत नाही, हे कोणीही सांगेल.

"त्याकडे लक्ष देऊ नकोस," हा सल्ला मात्र अगदीच टाकाऊ नाही. भीतीने आणि काळजीने कर्णनाद अधिक जाचतो, हे खरे आहे. तो मुळापासून घालवणारी गोळी अजून सापडलेली नाही. पण मंद पार्श्वध्वनी, गरज असल्यास श्रवणयंत्र आणि समुपदेशन यांनी पुष्कळांचा त्रास हलका होतो. हळूहळू मेंदू त्या आवाजाला सरावतो. पण "त्याकडे लक्ष देऊ नको" आणि "तसे काही नाहीच" ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्या वाक्याने धीर येतो. दुसऱ्याने माणूस एकटा पडतो आणि पुढच्या वेळी सांगतच नाही.

न सांगण्याचे परिणाम वाईट होऊ शकतात. मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे नाचून आल्यावर कान वाजतात, दडे बसतात आणि एकदोन दिवसांत सगळे पूर्ववत होते. "गेले ना? झाले तर!" असे आपण म्हणतो. कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी २००९ साली उंदरांवरील प्रयोगात काय दाखवले ते पाहा. मोठ्या आवाजानंतर उंदरांची ऐकण्याची क्षमता चाचणीत पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत होत्या. पण केसपेशी आणि श्रवणतंतू यांना जोडणारे सांधे काही भागांत निम्म्याच्या आसपास कायमचे नष्ट झालेले होते. तेव्हा चाचणीचा कागद 'नॉर्मल' आला, म्हणून मुलगा खोटे बोलतो असे ठरत नाही. कागद जे मोजतो, त्याच्यापलीकडेही कानात काही बिघडू शकते.

म्हणून कान वाजणे ही सूचना समजा. ८५ डेसिबेलचा आवाज आठ तास सोसणे ही मर्यादा धरतात आणि आवाज ३ डेसिबेलने वाढला की ही वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबेलला किती वेळ उरतो ते वहीत करून पाहा. उत्तर येईल पंधरा मिनिटे! मोकळ्या जागेत एका ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर दुप्पट केले तर आवाज सुमारे ६ डेसिबेलने घटतो. म्हणजे थोडे मागे सरणे हाही उपायच आहे. इअरफोनचा आवाज कमी ठेवणे, हा दुसरा.

आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे? एकाएकी ऐकू कमी येऊन कान वाजू लागला तर त्याच दिवशी. कारण येथे उपचाराला दिवसांचे महत्त्व असते. एकाच कानात आवाज असेल, तो नाडीबरोबर ठोके देत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तरी दाखवायलाच हवे. कधी नुसता मळ साचलेला निघतो आणि तो काढल्यावर आवाज थांबतो. मात्र तो काढायला घरी पिना आणि काड्या वापरू नका.

शिक्षकांना एक विनंती आहे. परीक्षेच्या शांत वर्गात कर्णनाद सर्वांत मोठा वाटतो. एखादी विद्यार्थिनी "सर, माझ्या कानात आवाज येतो," असे म्हणाली, तर तिला चार प्रश्न विचारा. केव्हापासून? एका कानात की दोन्ही? आवाज कशासारखा? त्याआधी कुठे मोठ्या आवाजात होतीस का, किंवा काही औषध घेतलेस का? उत्तरे कागदावर लिहून तिच्या पालकांना द्या. डॉक्टरांना त्या कागदाचा उपयोग होईल.

आणि मित्रहो, तुमच्या वर्गमित्राने अशी तक्रार केली तर निरीक्षण करणारा तो आहे आणि निरीक्षणाची जागा त्याच्या डोक्यात आहे, हे विसरू नका. दुसऱ्या कुणाला तेथे कान लावता येत नाही. त्याचे म्हणणे ऐकून घेणे, हीच तपासणीची पहिली पायरी आहे.