वैमानिकाचे कान आणि हेडसेटची निवड

घरातील मुलगा वा मुलगी वैमानिकाच्या शिक्षणासाठी पाठवावयाची झाली, म्हणजे शुल्क, वसतिगृह, वैद्यकीय तपासणी, परीक्षा या सर्वांची तजवीज पालक मोठ्या दक्षतेने करतात. परंतु ज्या एका वस्तूवर त्या विद्यार्थ्याची श्रवणशक्ती जन्मभर अवलंबून राहावयाची असते तो हेडसेट मात्र खर्चाच्या यादीत अगदी शेवटी, किरकोळ या सदराखाली, आणि तोही बहुधा संस्थेकडून उसना मिळेल या भरवशावर मांडला जातो. ही रीत मला सर्वस्वी चुकीची वाटते. झाशीचे विमानतळ लष्कराच्या अखत्यारीत असल्यामुळे आमच्या ओरछा गेटच्या परिसरातील एखाद्या मराठी घरात असा मनोदय उत्पन्न झाला, तर सागरजवळचे ढाना, गोंदियाजवळचे बिरसी किंवा थेट बारामती गाठावी लागते. आणि अशा दूरच्या ठिकाणी गेल्यावर जे हाती पडेल ते मुकाट्याने डोक्यावर चढविण्याकडे नवख्याचा कल असतो.

सेसना १७२सारख्या पिस्टन एंजिनाच्या लहान विमानात चालक एंजिनाच्या पाठीशी, पातळ पत्र्याच्या आड बसलेला असतो, आणि तेथील आवाज ९० डेसिबलची मर्यादा सहज ओलांडतो. डेसिबलचा आकडा दहाने वाढला की ध्वनीची ऊर्जा दसपट होते. व्यावसायिक आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील राष्ट्रीय संस्थेने ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाचे आठ तास राहण्याची मुभा दिली असली, तरी १०० डेसिबलला तीच मुभा अवघ्या १५ मिनिटांवर आणली आहे. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या म्हणजे पुन्हा उत्पन्न होत नाहीत, त्या नष्ट होताना वेदनाही होत नाही, आणि ज्या वैद्यकीय दाखल्यावर वैमानिकाची सारी उपजीविका असते त्याच्या तपासणीत श्रवणाचीही परीक्षा होते, या तीन गोष्टी एकत्र ध्यानात घेतल्या तर हेडसेटला किरकोळ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

या आवाजाची प्रकृती समजली की निवड पुष्कळ सुकर होते. एंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर दोन पात्यांचा पंखा सेकंदाला ८० वेळा हवेवर आघात करतो, आणि चार सिलिंडरांच्या एंजिनातील स्फोटही सेकंदाला ८०च होतात. म्हणजे दोहोंचा मिळून निघणारा मूळ स्वर अगदी खर्जातला. खर्जाचा हा गुंजारव कानावरच्या वाटीच्या प्लास्टिकला आणि आतल्या स्पंजाला फारशी दाद देत नाही. तो नाहीसा करण्यासाठी वाटीतच एक लहानसा मायक्रोफोन बसवून, आलेल्या लहरीच्या नेमकी उलट लहर निर्माण करण्याची युक्ती योजावी लागते. ध्वनीने ध्वनीचे निरसन करण्याच्या या कल्पनेचे पेटंट जर्मन शास्त्रज्ञ पॉल ल्यूग यांना १९३६ मध्ये मिळाले. पण ती वैमानिकाच्या कानापर्यंत व्यापारी रूपात पोहोचण्यास १९८९ उजाडावे लागले, आणि ते कार्य घडले बंगालच्या क्रांतिकार्यातून अमेरिकेत गेलेल्या ननीगोपाल बोस यांचे पुत्र डॉ. अमर बोस यांच्या हातून. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना, विमानातील घरघरीत संगीत ऐकू येईना म्हणून, त्यांनी प्रवासातच या विषयाचे गणित मांडावयास घेतले होते.

तथापि या विद्येचा पराक्रम खर्जापुरताच आहे. वाऱ्याचा तीव्र सूत्कार अडवितात त्या वाटी, गादी आणि कानाभोवती बसणारी त्यांची घट्ट पकड. म्हणूनच माझे स्पष्ट मत असे की, हेडसेट घेताना प्रथम त्याची बैठक पाहावी, मग विद्युत्‌योजना, आणि मोबाइलवरील संगीताची सोय सर्वांत शेवटी. चष्मा लावणाऱ्याने तो चष्मा लावूनच परीक्षा करावी, कारण काडी जाड असली की गादी उचलली जाते आणि त्या फटीतून आवाज आत शिरतो. परीक्षा आधी बॅटरी बंद ठेवून करावी. बॅटरी आकाशातही संपते, आणि तेव्हा हाताशी उरते ती केवळ वाटी. बुंदेलखंडातील वैशाखाच्या उन्हात गादीचे आवरण घामाने कडक होऊन तडकते, म्हणून सुट्या गाद्या मिळण्याची खात्री आधीच करून घ्यावी. लहान विमानांना सामान्यतः निरनिराळ्या जाडीचे दोन प्लग लागतात आणि हेलिकॉप्टरला एकच. जुना हेडसेट स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांनी हा भेद विसरू नये. रेल्वेच्या प्रवासात वापरावयाचे घरगुती हेडफोन तर या कामाचेच नव्हेत.

नामांकित ध्वनिनिरोधक हेडसेटची किंमत लाख रुपयांच्या घरात जाते, हे मी जाणतो. तेवढी ऐपत नसेल त्याने स्वस्त विद्युत्‌योजनेच्या मोहात न पडता डेव्हिड क्लार्कच्या हिरव्या हेडसेटसारखा साधा पण भक्कम, २३ डेसिबलपर्यंत आवाज अडविणारा हेडसेट घ्यावा आणि त्याच्या गाद्या वेळच्या वेळी बदलाव्या. उलट उत्तम ध्वनिनिरोधक घेणाऱ्याने एक सावधगिरी बाळगावी: खर्ज लुप्त झाला की एंजिनाच्या स्वरातील बिघाड आणि काही धोक्याच्या सूचनाही कानी पडेनाशा होऊ शकतात. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनानेही याविषयी चालकांना सावध केले आहे. अशा चालकाची दृष्टी यंत्रफलकावर अधिक वेळा फिरली पाहिजे.

प्रशिक्षण संस्थांना माझी विनंती आहे की, त्यांनी प्रवेशाच्या वेळीच दोनतीन प्रकारचे हेडसेट एंजिन चालू असलेल्या विमानात लावून पाहण्याची मुभा विद्यार्थ्याला द्यावी. आणि पालकांनी शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी ती अवश्य मागून घ्यावी.