विश्लेषण : कंपवाताच्या गोळीने जुगाराचा नाद कसा लागतो?

आयुष्यभर पत्त्यांना हात न लावलेला माणूस साठीनंतर अचानक लॉटरीची तिकिटे घेऊ लागतो, रात्ररात्र मोबाइलवर पैसे लावतो. घरचे म्हणतात, म्हातारचळ! कंपवाताचा म्हणजे पार्किन्सन्सचा रुग्ण असलेल्या घरात मात्र बोल लावण्याआधी औषधाची चिठ्ठी पाहायला हवी.

गोळी काय करते?

या आजारात मध्यमेंदूतील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हात थरथरतो, पावले आखूड पडतात. त्यावरील लेव्होडोपा हे औषध मेंदूत जाऊन डोपामाइन बनते (आपल्या रानातल्या खाजकुहिलीच्या बियांत ते मुळातच असते). प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधे वेगळी. ती डोपामाइनची नक्कल करून थेट त्याच्या ग्राहींना चिकटतात. नादाचा धोका प्रामुख्याने यांचा.

नाद का लागतो?

उत्तर माकडांवरील प्रयोगांत सापडते. वोल्फ्राम शुल्त्झ यांना दिसले की, अनपेक्षित रस मिळाला की माकडाच्या डोपामाइन पेशी उसळतात. दिवा लागल्यावर रस मिळतो हे कळले, की त्या दिव्यालाच उसळतात, रसाला नाही. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी मंदावतात. म्हणजे डोपामाइन हे नुसते सुखाचे रसायन नव्हे, ते अपेक्षा आणि प्राप्ती यांतला फरक सांगते. या शोधासाठी शुल्त्झ, पीटर डायन आणि रे डोलन यांना 2017 चा ‘ब्रेन प्राइझ’ मिळाला.

हरल्यावर माणूस हात आखडता घेतो, तो या मंदावण्यामुळे. औषधाने ग्राही सतत व्यापलेले असले तर ती घसरण मेंदूला नीट जाणवत नाही, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. जिंकणे लक्षात राहते, हरणे काही शिकवत नाही.

प्रमाण किती?

अमेरिका-कॅनडातील 3,090 रुग्णांची पाहणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. ही नक्कल करणारी औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे 17 टक्क्यांत जुगार, खरेदी, खाणे वा लैंगिक वर्तन यांपैकी कशाचा तरी अतिरेक आढळला. न घेणाऱ्यांत सुमारे 7 टक्के. सहातला एक हा आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही. तरी इशारा राहतो माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरांत. रुग्ण लाजेने स्वतःहून बोलत नाही, त्यामुळे पहिली चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांनी पत्नीला, पतीला वा मुलांना हे सांगायला हवे आणि दर भेटीत विचारायला हवे. गर्दीच्या ओपीडीतही एवढी दोन मिनिटे निघू शकतात.

संशय आला म्हणून गोळी परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे. ताठरपणा उसळतो, घबराट आणि नैराश्य येऊ शकते. डॉक्टरांनी मात्रा हळूहळू कमी केली की बऱ्याच जणांचा नाद ओसरतो. तोवर बँकेचे व्यवहार आणि मोबाइलवरचे पेमेंट घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नजरेखाली असलेले बरे.