विचारायचं राहून गेलं

फिलाडेल्फियात १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेला एक फोटो मराठी वाचकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. एका टोकाला साडीतल्या आपल्या आनंदीबाई जोशी, मध्ये जपानच्या केई ओकामी, दुसऱ्या टोकाला दमास्कसच्या साबात इस्लामबुली. पोशाख अगदी बारकाव्यांसकट टिपलेत. फोटोखालच्या ओळीत मात्र आनंदीबाईंच्या सेरामपूरचं 'सेरानिसोर' असं भलतंच काही झालंय. कपडे डोळे भरून बघितले, गावाचं नाव नीट विचारायचं राहून गेलं.

यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विभाग 'वस्त्र' ठरला, तेव्हा हा फोटो आमच्या टेबलावर होता. गप्पा पैठणी-इरकलीवरून निघाल्या आणि मुसलमान बायकांचा हिजाब व अमेरिका यांवर येऊन अडकल्या.

२००८ साली ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात समँथा इलाउफ नावाची सतरा वर्षांची मुलगी 'ॲबरक्रॉम्बी अँड फिच' या कपड्यांच्या दुकानात मुलाखतीला गेली. डोक्याला काळा स्कार्फ. मुलाखत छान झाली. पण नोकरांनी कसं दिसावं याचे दुकानाचे नियम होते, त्यांत टोपी बसत नव्हती, मग स्कार्फचं काय? मुलाखत घेणारीनं मनाशी अंदाज बांधला, ही मुसलमान असणार, स्कार्फ धर्मासाठीच असणार. समोर बसलेल्या मुलीला तिनं विचारलं नाही, वरच्या साहेबाला विचारलं. साहेब नको म्हणाले. 'दिसणं' या रकान्यात दोनाचा एक गुण झाला आणि नोकरी हुकली. पुढे कोर्टात कंपनीचा बचाव असा, की स्कार्फ धर्मासाठी आहे हे तिनं आम्हाला सांगितलंच नव्हतं. १ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं आठ विरुद्ध एक मतानं हा बचाव फेटाळला. निकालपत्र लिहिलं न्या. स्कॅलिया यांनी, जे पक्के परंपरावादी म्हणून ओळखले जात. एका न विचारलेल्या प्रश्नाला सात वर्षं लागली.

आता सौदी अरेबियात चला. मार्था मॅकसॅली ही प्रत्यक्ष लढाईत विमान उडवणारी पहिली अमेरिकन स्त्री. सौदीत नेमणूक झाल्यावर तिला तिच्याच सैन्याचा हुकूम होता: तळाबाहेर पडताना अंगावर अबाया हवा, सोबत पुरुष हवा आणि गाडीत मागच्या सीटवर बसायचं. पुरुष सैनिकांना मात्र स्थानिक पोशाख घालायला बंदी. गंमत म्हणजे अमेरिकी दूतावासातल्या बायकांवर अशी सक्ती नव्हती. यजमानांना काय रुचेल याचा वरिष्ठांनी बांधलेला अंदाज या बाईनं अंगावर वागवायचा होता. २००१ मध्ये तिनं थेट संरक्षणमंत्र्यांवर दावा लावला, आणि दुसऱ्या वर्षी अमेरिकेच्या संसदेनं ही सक्ती मोडीत काढली.

टल्सात कापड जास्त झालं, सौदीत कमी पडलं. हुकूम सोडणारे दोन्हीकडे अमेरिकनच.

अंदाजांचा मक्ता एकट्या अमेरिकेकडे नाही. उघडे दंड म्हणजे सैल वागणूक, अमेरिकन बाईला लाजलज्जा कसली, हे हिशेब मुसलमान घरांतही बिनदिक्कत मांडले जातात. खरं तर १९२२ मध्ये वॉशिंग्टनच्या टायडल बेसिनवर एक अधिकारी पट्टी घेऊन पोहायला आलेल्या बायकांच्या गुडघ्यापासून कपड्यापर्यंतचं अंतर मोजत होता, त्याचा फोटो आहे. सिनेटच्या सभागृहात बाईनं पँट घालून येणं १९९३ पर्यंत मान्य नव्हतं. मर्यादा तिथेही आहेत, बाहेरच्याला त्या दिसत नाहीत एवढंच. आणि कुराणातल्या सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आहे, तिसाव्या आयतीत. बायकांची आयत त्यानंतरची. हे पुष्कळ अमेरिकनांना ठाऊक नसतं आणि पुष्कळ मुसलमान पुरुषांच्या सोयीनं विस्मरणात जातं. हुकूमही काही फक्त अमेरिकनच सोडत नाहीत. इराणच्या बायकांच्या डोक्यावरून १९३६ मध्ये सरकारनं चादर ओढून काढली आणि १९७९ च्या क्रांतीनंतर सरकारनंच पुन्हा डोकं झाकायला लावलं. २०२२ मध्ये महसा अमिनी ही तरुणी त्यापायी जिवाला मुकली.

आपणही फार नाक वर करू नये. ज्या नऊवारीला आपण शालीनतेची कमाल समजतो, तिच्यात पोटऱ्या दिसतात. आनंदीबाई गेल्या तेव्हाच्या अमेरिकेत बाईचा घोटा दिसणंही असभ्य होतं. तीच बाई रात्रीच्या मेजवानीला खांदे उघडे टाकून जाई. कुठलं अंग झाकायचं याचा नकाशा प्रत्येक गावाचा निराळा.

इथपर्यंत आमची चर्चा मोठी रंगली. दोन तास. मग चहा आला आणि माझ्या लक्षात आलं, की गेली सहा वर्षं या अंकाची पानं लावणारी मुलगी तिथेच, चार हातांवर, संगणकाशी बसली आहे. तीही स्कार्फ बांधते. सगळं ऐकत होती. मी ओशाळून म्हटलं, "अगं, तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "सर, उन्हाळ्यात पिना टोचतात. बाकी मला लिहायचंय, पण यावर नाही."

तिनं लिहिलं. तिचा लेख याच अंकात आहे. विषय भिवंडीचे माग, तिच्या आजोबांच्या मागाचा खटका आणि बंद पडलेल्या कारखान्याची शांतता. कापड आपल्या अंगावर येण्याआधी कुणाच्या हातांतून जातं, याची गोष्ट. स्कार्फचा उल्लेख त्यात एकदाही नाही. आधी मला चुकल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना तो शोधणंच सोडून दिलं.

फराळाच्या ताटाशी कुणी नवं माणूस बसलं, तर त्याच्या कपड्यांआधी त्याच्या गावाची चौकशी करा. आणि सांगेल ते नीट लिहून घ्या.

शुभ दीपावली!

— संपादक