प्रोसेसर पळविण्याआधी रॅमची जोडी लावा

कमी भांडवलात धंदा उभा करणाऱ्या तरुणाला संगणक घेताना पहिली काटकसर ग्राफिक कार्डात करावी लागते. त्यात गैर काही नाही. प्रोसेसरमध्येच बसविलेल्या ग्राफिक्सवर बिलिंग, टायपिंग, लग्नपत्रिकांची मांडणी, फोटोंची दुरुस्ती ही कामे बिनबोभाट चालतात. पण यंत्र जरा मंद वाटू लागले की कोणीतरी सल्ला देतो, 'ओव्हरक्लॉक करा, फुकटात वेग वाढेल.' कसबा बावड्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि संगणकावर पोट भरणारे लहान दुकानदारही आहेत. अशा ठिकाणी हा सल्ला चटकन पटतो. आमच्या मते बहुतेकांच्या बाबतीत हा तोट्याचा सौदा आहे.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरविलेल्या गतीपेक्षा प्रोसेसर अधिक वेगाने चालविणे. १९९८ साली इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन अनेकांनी ४५० वर चालविला आणि दीडपट वेग खरोखरच पदरात पाडून घेतला. आता ते दिवस राहिले नाहीत. एएमडीने २०२१ साली आणलेला रायझन ५ ५६००जी घ्या. त्याची मूळ गती ३.९ गिगाहर्ट्झ, गरज पडली की तो स्वतःहून ४.४ पर्यंत चढतो. म्हणजे शिल्लक ठेवलेली ताकद यंत्र आपणच वापरते. हाताने वाढवायला उरते ते थोडेच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वेगळ्या ग्राफिक कार्डाला स्वतःची मेमरी असते. अंगभूत ग्राफिक्सला ती नसते. ते संगणकाच्या रॅममधूनच उसनवारी करते. पंचगंगेच्या काठी पंप चालविणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पाइप अरुंद असेल तर मोटार कितीही पळवा, शेतात पाणी वाढत नाही. येथे रॅम हाच पाइप आहे. डीडीआर४ ३२०० ची एकच पट्टी लावली तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट माहिती वाहते. तेवढ्याच क्षमतेच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या तर ५१.२. दुकानदार स्वस्तात बसते म्हणून १६ जीबीची एक पट्टी देतो. त्याऐवजी ८-८ च्या दोन मागाव्यात. शिवाय ३२०० ची रॅम बायोसमध्ये कमी गतीवर तर चालत नाही ना, हेही पाहावे. ५६००जी साठी ही गती कंपनीने मान्य केलेलीच आहे.

तिसरा मुद्दा उष्णतेचा. या प्रोसेसरचे सहा कोअर आणि ग्राफिक्स मिळून ६५ वॅटच्या हिशेबाने बांधलेले आहेत. कोअर पळविले की ते विजेचा आणि थंडाव्याचा मोठा वाटा घेतात; ग्राफिक्सच्या वाट्याला कमी येते. व्होल्टेज व गती दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी वाढविली तर विजेचा खप सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या गाळ्यात सोबत मिळालेल्या लहान पंख्याने ही उष्णता कशी निघायची? उद्यमनगरात ऑइल इंजिनावर हयात घालविलेला कोणताही मिस्त्री सांगेल की गव्हर्नर सैल करून घेतलेला वेग पुढे बेअरिंग आणि पिस्टनच्या खर्चात फिटतो.

येथे तर पिस्टनपेक्षा मोठा खर्च आहे. ओव्हरक्लॉक केलेले यंत्र दिवसभर नीट चालून ऐन घाईत बंद पडू शकते. गिऱ्हाइकाची फाइल किंवा वर्षाचे हिशेब बिघडले तर वाढलेला वेग काय कामाचा? ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

खरेदीतही सावध राहावे. इंटेलमध्ये साधारणपणे 'के' अक्षराचे प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड असेल तरच गती वाढविता येते. एएमडीचा ए५२० बोर्ड त्यास परवानगी देत नाही. केवळ या हौसेपोटी महाग बोर्ड घेण्यापेक्षा ते पैसे रॅममध्ये घालावेत. इंटेलच्या 'एफ' अक्षराच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसते. कार्डाशिवाय पडदा काळाच राहील. ज्यांना साच्यांची त्रिमिती रेखाटने करायची आहेत त्यांनी वेगळ्या कार्डासाठीच पैसे साठवावेत. १२८ गिगाबाइटची वाट जीटीएक्स १६५० सारख्या साध्या कार्डातही मिळते.

विद्यार्थ्यांनी शिकण्यासाठी जुन्या यंत्रावर प्रयोग जरूर करावेत. त्यातूनच कारागीर घडतात. परंतु संगणक जोडून विकणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांना आमचे सांगणे आहे की, गती वाढवून दिलेले यंत्र तसे सांगूनच विकावे आणि वॉरंटीचे काय होईल तेही बिलावर लिहावे. ज्याच्या घरची चूल त्या एका यंत्रावर पेटते, त्याला न सांगता जोखीम विकणे हा व्यापार नव्हे.