मांडव उतरवण्याआधी

मुंबई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो आपला माल खाणारा आणि भाव वाढला की ओरडणारा ग्राहक. त्याच मुंबईत, गोरेगाव स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर, आरेच्या पाड्यांवर आजही शेतकरी आहे. १९४९ साली तिथे दुग्धवसाहत उभी राहिली, त्याच्या आधीपासून आहे. वारली, मल्हार कोळी घरांच्या मागे पावसाळाभर दुधी, शिराळी, पडवळ, कारली मांडवावर लोंबतात, खाली अळू आणि लाल माठ असतो. घरचे खाऊन उरलेले टोपलीत घालून बाई स्टेशनबाहेर बसते. वाटाघाटीच्या टेबलाशी आम्ही जेवढा भाव मिळवत नाही, तेवढा ती घासाघीस करून मिळवते!

पाऊस मुंबईतून परतण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खाते ८ ऑक्टोबर धरते. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेललेला मुरमाड उतार नंतर पंधरा दिवसांतच कोरडा पडतो. पानांवर भुरी चढते, खालची पाने करपतात, शेवटची काकडी कडू निघते. मग एका सकाळी वेल उपटायचे, सुतळ्या सोडायच्या, बांबू उतरवायचे. कुजका बांबू चुलीला, चांगला माळ्यावर.

अशाच एका सकाळी आम्ही तिथे होतो. मावशींनी निम्मा मांडव उतरवला आणि बसून राहिल्या. पाठ दुखली असेल असे आम्हाला वाटले. त्या म्हणाल्या, “जूनपासून उठले की आधी हिकडं बघायची सवय. आता उद्या उठून काय बघू?” लेक परत सासरी निघाली की आई अंगणात जशी उगीच काहीबाही उचलत राहते, तशा त्या सुतळीचे तुकडे वेचत होत्या.

आम्ही कृषी पदवीधर. हंगाम आम्ही कोष्टकात शिकलो: पेरणी, फुलोरा, काढणी आणि पुढे रिकामा रकाना. मावशींच्या हिशेबात तो रकाना रिकामा नाही. वेल जोमात असतानाच त्यांनी एका दुधीला चिंधी बांधून ठेवली होती, म्हणजे पोरेसोरे तो तोडणार नाहीत. शेवटचे खुरटलेले फळ बियाण्याला ठेवायचे नाही, ऐन बहरातले ठेवायचे. बियाणे निवडीच्या तासाला आम्ही जे लिहून घेतले, ते हेच. शिराळ्याचे बी राखेत घोळून ठेवायचे, चिंधीवाला दुधी चुलीवरच्या धुरात टांगायचा, म्हणजे भुंगा लागत नाही.

पण हंगाम पावसामुळे संपतो हे अर्धेच खरे. उपनगरी रेल्वेच्या रुळांकडेला पालक आणि माठ भर उन्हाळ्यातही हिरवा दिसत असे. तिथे पाणी होते, आणि जमीन कसायला रेल्वेने आपल्याच कामगारांना परवानगी दिलेली होती. मावशींच्या नावावर सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, पीक पाहणीत नोंद नाही, पंपाला वीज मागायला जावे तर आधी उतारा मागतात. इतरांच्या जमिनीला ऑक्टोबरात विसावा मिळतो. यांची जमीन ऑक्टोबरात उघडी पडते. वेल असेपर्यंत ती वाडी असते, वेल उतरला की येणाऱ्या-जाणाऱ्याला मोकळी जागा दिसते.

ही भीती मनाचा खेळ नव्हे. प्रजापूरपाड्यातल्या आदिवासी कुटुंबांना मेट्रोच्या कारशेडसाठी घर आणि वाडी दोन्ही सोडून इमारतीत जावे लागले. सदनिकेच्या गॅलरीत दुधीचा मांडव कुठे घालणार? पुढे २०१९ च्या ऑक्टोबरात, ऐन नवरात्रात, दोन हजारांवर झाडे तोडली गेली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर बहुतेक आडवी झाली होती. त्यावर पुष्कळ लिहिले गेले, आंदोलने झाली, ते योग्यच झाले. पण झाडे मोजली गेली तशा वाड्या कुणी मोजल्या नाहीत. २०२० साली आरेतली सुमारे आठशे एकर जमीन राखीव वन करण्याचे सरकारने ठरवले, तेव्हाही शहराने टाळ्या वाजवल्या. वनात वाडी बसते की नाही, हे वाडीवाल्याला विचारायचे राहून गेले.

२००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला दावा करता येतो. पुराव्याला कागदच लागतो असे नाही. घर, बांधबंदिस्ती, सपाट केलेली जमीन, विहीर, देवस्थान, दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, हे सारे नियमांत पुरावा म्हणून दिलेले आहे. वाघोबाचे ठाणे पाड्याला आहेच. उतारावरचे दगडी बांध आहेत. जबाब देऊ शकणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.

तेव्हा मुंबई उपनगर जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. भादव्यात, वेल मांडवावर असतानाच पाड्यांवर जा. वाडीची लांबी-रुंदी मोजा, शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी पिकांची यादी करा, तारखेसह छायाचित्रे काढा. म्हाताऱ्यांचे जबाब त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि वाचून दाखवा. त्या दिवशी भाषण करू नका. बांबू उतरवायला हात लावलात तर चहा मिळेल.

यंदा आम्ही उशिरा पोचलो, निम्मा मांडव खाली आला होता. उरलेल्या निम्म्याचे माप घेतले. मावशींनी टेपचे एक टोक धरले होते, दुसऱ्या हातात चिंधीवाला दुधी होता. तो कानाशी धरून हलवून पाहिला. बी अजून खुळखुळत नव्हते. त्यांनी तो चुलीवर टांगला.