उतरलेली वस्त्रे, नवे सूत

वसतिगृहाच्या कोठीत दरवर्षी जुन्या कपड्यांची गाठोडी जमा होतात. देणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी आम्हांस शंका नाही. तथापि त्या गाठोड्यातला विटका शर्ट अंगात आला की मुलगा मागच्या बाकावर का सरकतो, हे आम्ही वर्गात पाहिलेले आहे.

मग या कपड्यांचे करावे काय? उत्तर पानिपतात आहे. मराठी माणसाला पानिपत म्हणताच १७६१ आठवते. आम्हीही आजवर तेवढेच शिकवीत आलो. आज मात्र परदेशांत टाकून दिलेले लोकरी कोट, स्वेटर कांडला बंदरात उतरून गाठींनी तेथे जातात. स्त्रिया त्यांची बटणे, चेन, अस्तरे कापून काढतात व रंगवार ढीग लावतात. यंत्र त्या कापडाचे पिंजून पुन्हा तंतू करते. रंग आधीच जुळविलेले असल्याने रंगविण्याचे पाणी बरेचसे वाचते. फाडताना तंतू आखूड होतात, म्हणून त्यांत दुसरे लांब तंतू मिसळून सूत काततात. त्या सुताची स्वस्त ब्लँकेटे पूर-भूकंपात वाटली जातात.

बौद्धांना ही दृष्टी परकी नाही. विनयपिटकात आनंद राजा उदेनाला जुन्या चीवरांचा हिशेब देतो: आधी अंथरुणावरची आच्छादने, पुढे पायपुसणी, फडकी, अखेर चिखलात कालवून जमिनीचा गिलावा. भिक्खूंनी पांसुकूल चीवर स्वेच्छेने स्वीकारले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने मात्र प्रेतावरची वस्त्रे चांडाळांवर लादली. हा भेद आम्हांस फार मोठा वाटतो. १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची खूण पटविणारी लुगडे नेसण्याची रीत सोडण्यास सांगितले, ते उगीच नव्हे.

चिंधीचे सूत व्हावे, परंतु दुसऱ्याची चिंधी आमच्या मुलाचा पोशाख होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिवाय त्या कारखान्यांतील तंतूंच्या धुळीत तोंडाला पदर बांधून बसणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीची व फुप्फुसांची चौकशी ‘पर्यावरणपूरक’ अशी चिठ्ठी लावणारे क्वचितच करतात. ती आपण करावी.

यंदाच्या मेळाव्यास माजी विद्यार्थ्यांनी जीर्ण कपडे आणलेच, तर ते पुनर्वापराच्या पोत्यात वेगळे टाकावेत. मुलांसाठी मात्र कोरे कापड आणावे. इयत्तावार मापे अधीक्षकांकडे मिळतील.