स्वयंसेवकाचें सासर

उत्तम रीतीनें पदवी मिळविलेला मुलगा नोकरी धरण्यापूर्वीं एक-दोन वर्षें परदेशीं जाऊन लोकसेवा करण्याचा मनोदय बोलून दाखवितो, तेव्हां घरांत प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. वडील खर्चाचा व पुढील नोकरीचा हिशेब मांडूं लागतात. आई विचारते, "तेथें खाशील काय? आजारी पडलास तर पाहील कोण?" मुलाला पहिला प्रश्न रुक्ष वाटतो आणि दुसरा क्षुल्लक. संयुक्त राष्ट्रसंघानें १९७० सालीं स्वयंसेवकांची योजना मंजूर केल्यापासून अशा सेवेचे मार्ग पुष्कळांना खुले झाले असल्यामुळें हा संवाद आतां अपवादात्मक राहिलेला नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, आईचा प्रश्न मुळींच क्षुल्लक नाहीं. किंबहुना स्वयंसेवकाची खरी कसोटी त्याच प्रश्नापाशीं लागते.

यासाठीं महाराष्ट्राला दूरचें उदाहरण शोधावयास नको. जपाननें १९३७ सालीं चीनवर आक्रमण केलें, तेव्हां चिनी सेनानी च्यू तेह यांनीं पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितलें. त्यास अनुसरून १९३८ च्या सप्टेंबरांत राष्ट्रीय सभेच्या वतीनें पांच डॉक्टर मुंबईहून बोटीनें निघाले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांना त्या वेळीं अठ्ठाविसावें वर्ष पुरें व्हावयाचें होतें.

निघतांना हारतुरे मिळतात. पोहोंचल्यावर राळे मिळतात. ज्या कँटन बंदरांत हे डॉक्टर उतरले, तें महिन्याभरांतच जपानच्या हातीं गेलें. पाठोपाठ हँकौही पडलें. माघार घेणाऱ्या लोकांबरोबर चुंगकिंगपर्यंत जाऊन, अखेर १९३९ च्या फेब्रुवारींत ते उत्तरेकडील येनानला पोहोंचले. तेथें वस्ती होती ती पिवळ्या मातीच्या डोंगरांत कोरलेल्या गुहांतून, आणि नित्याचें अन्न राळ्याचें. आपल्याकडे गरिबाघरचें धान्य म्हणून ज्याकडे पाहातात, तेंच तेथें सेनापतीच्याही पानांत पडे.

अन्नाहूनही भाषेची अडचण मोठी. चिनी भाषेंत शब्दाचा सूर बदलला कीं अर्थ बदलतो. 'तांग' हा शब्द उंच व सपाट सुरांत म्हटला तर त्याचा अर्थ कढण. सूर वर चढविला तर साखर. 'माय' हा शब्द एका सुरांत विकत घेणें, दुसऱ्या सुरांत विकणें. बाजारांत खरेदीस गेलेला नवखा मनुष्य आपण माल विकावयास आलों आहों असें सांगून बसला तर नवल नाहीं. यावर दुकानदार हंसतो, आणि त्याच्यासह हंसण्याचें बळ पाहुण्याच्या अंगीं असावें लागतें.

आमच्या वाचकभगिनींना हें सारें परकें वाटूं नये. सासरीं आलेल्या नव्या सुनेची हीच अवस्था असते. माहेरीं ती कितीही सुगरण असो, येथें मोहरीचा डबा कोठें असतो हें तिला ठाऊक नसतें. पहिले कांहीं महिने तिची मदत होण्यापेक्षां तिलाच मदत अधिक लागते. जी विचारून शिकते, तिला घर हळूहळू आपली म्हणतें. जी पहिल्याच आठवड्यांत सारें फडताळ नव्यानें लावावयास घेते, तिचे कष्ट वायां जातात. स्वयंसेवक आपण द्यावयास आलों आहों अशा समजुतीनें जातो, आणि प्रथम त्यालाच घ्यावें लागतें: बोलणें, जेवण, निजावयास जागा. हें ज्याला कमीपणाचें वाटतें, तो लवकरच कडवट होतो.

सुनेचें नांव बदलतें, तसें या डॉक्टरांचेंही बदललें. आपल्या चिनी नांवांच्या शेवटीं त्यांनीं चीनवाचक 'हुआ' हा शब्द जोडला. कोटणीस तेथें 'के दिहुआ' झाले. ते चिनी भाषा इतकी शिकले कीं त्याच भाषेंत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवूं लागले. १९४१ सालीं बेथून यांच्या नांवाच्या रुग्णालयाचें प्रमुखपद त्यांच्याकडे आलें.

हे बेथून कॅनडाहून आलेले शल्यवैद्य. १९३९ च्या ऑक्टोबरअखेर शस्त्रक्रिया करतांना त्यांच्या बोटाला कापलें. हातमोजे नव्हते. जखम चिघळली, विष रक्तांत भिनलें आणि १२ नोव्हेंबर रोजीं ते वारले. एवढ्याशा जखमेनें एवढा मोठा मनुष्य गेला! आजारी पडलास तर पाहील कोण, हा आईचा प्रश्न क्षुल्लक म्हणणाऱ्यानें ही हकीकत ध्यानांत ठेवावी.

सेवेचा भार जाणाऱ्यावरच पडतो असेंही नाहीं. येनानला पोहोंचण्यापूर्वींच कोटणीसांना वडिलांच्या मृत्यूची वार्ता कळली. परत फिरणें शक्य असूनही ते पुढें गेले. त्या निश्चयाची थोरवी आपण गातों. परंतु सोलापूरच्या घरीं कर्त्या मुलावांचून जे दिवस गेले, त्यांची गणना कोणी केली नाहीं. कोटणीसांनीं १९४१ मध्यें क्वो चिंगलान या परिचारिकेशीं विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टांत पुत्र झाला. त्याचें नांव 'यिनहुआ', म्हणजे भारत आणि चीन. त्याच वर्षीं ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. इतर चौघे स्वदेशीं परतले.

तेव्हां घरांतील कोणी निघाला तर त्याला अडवूं नये, पण निरोप देण्यापूर्वीं विचारावें. तेथील भाषा शिकण्यास आरंभ केलास काय? तुला बोलावलें आहे कोणीं, आणि तें काम तुला येतें काय? दुखणें आलें तर उपचाराचा व परतीच्या प्रवासाचा खर्च कोण सोसणार? आणि तुझ्यामागें घरचें काम कोणाच्या शिरावर पडणार? हे प्रश्न ऐकून जो शांतपणें बसून उत्तरें शोधूं लागेल, त्याला आनंदानें पाठवावें. जो चिडेल, त्याला आणखी एक वर्ष घरींच राहूं द्यावें.